वादळी पट्ट्यांचा अंदाज वाचताना: ऊन पडलं म्हणजे वादळ गेलं असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या शनिवारी मोकळ्या मैदानात दीडशे माणसांचा कार्यक्रम आहे, त्यासाठी मोठा तंबू उभारायचा आहे. सोमवारी अंदाज कोरड्या हवेचा होता, बुधवारी तो पावसाचा झाला. आज, गुरुवारी, त्यात लिहिलंय: ‘वादळी पट्टे एकामागून एक सरकतील, मधूनमधून उघडीप, सोसाट्याचा वारा, हवामान बदलतं, पावसाची शक्यता 60 टक्के.’ एक ॲप दुपारी दोनला पाऊस दाखवतं, दुसरं संध्याकाळी सहाला. यातलं खरं काय मानायचं? कार्यक्रम ठेवायचा की पुढे ढकलायचा?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. पहिला पट्टा कधी येणार, या वेळेवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती वेळ आणखी पक्की होईल. त्या पट्ट्यामागून येणाऱ्या सरींच्या घड्याळावर भरवसा ठेवू नका, मग ॲप कुठलंही असो. आणि पट्टा सरकल्यावर जे लख्ख ऊन पडेल त्याच्यावर सगळ्यात कमी विसंबा. गेली बावीस वर्षं मी अंदाज काढतोय. या काळात लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान पट्ट्यातल्या पावसाने झालेलं मी पाहिलेलं नाही. ते त्यानंतरच्या उन्हाने केलं.

‘वादळी पट्टा’ म्हणजे काय, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. साधारण 30 ते 60 अंश अक्षांशांच्या दरम्यान, दोन्ही गोलार्धांत, ध्रुवाकडची थंड हवा आणि उष्ण कटिबंधाकडची कोमट, दमट हवा सतत एकमेकींना भिडत असतात. त्या सहजासहजी मिसळत नाहीत, त्यांच्यात सीमा तयार होते. या सीमेला आम्ही आघाडी म्हणतो, आणि तिच्यावरचा पावसाचा लांबट पट्टा म्हणजेच अंदाजातला वादळी पट्टा. शब्द युद्धातला आहे आणि तो तसाच आला. पहिल्या महायुद्धामुळे नॉर्वेला बाहेरची हवामानाची माहिती मिळेनाशी झाली, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी बर्गन शहरात बसून किनाऱ्यावर दाट निरीक्षणकेंद्रं उभी केली. त्या दाट नोंदींत त्यांच्या गटाला एक गोष्ट स्पष्ट दिसली: पाऊस सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो रेषांवर असतो. त्यांचा मुलगा याकोब याने 1919 मध्ये फिरत्या कमी दाबाच्या क्षेत्राची रचना मांडली. आजही नकाशावर निळे त्रिकोण आणि तांबडे अर्धगोल दिसतात ते त्याच विचारातून आलेले आहेत.

उष्ण आघाडी आधी येते आणि ती वर्दी देऊन येते. कोमट हवा थंड हवेवर चढते, पण तो चढ फारच सौम्य असतो, सुमारे दीडशेला एक. म्हणजे सहा-सात किलोमीटर उंचीवरचे ढग जमिनीवरच्या सीमेच्या जवळजवळ हजार किलोमीटर पुढे असतात. म्हणून आदल्या दिवशीच आभाळात पिसांसारखे तंतू दिसू लागतात. मग त्यांची एक पांढुरकी चादर होते आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. ते खळं 22 अंशांचं असतं: हात पूर्ण लांब करून पंजा पसरला, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवलं, तर करंगळीचं टोक जिथे पोचतं साधारण तिथवर. खळं पडलं की पाऊस येतो, ही जुन्या माणसांची समजूत अशा प्रदेशांत पोकळ नाही. दर वेळी पाऊस येतोच असं नाही, पण खळं पडल्यावर ढग जाड होत गेले, सूर्य दुधी काचेमागे ठेवल्यासारखा दिसू लागला आणि हवेचा दाब घसरत राहिला, तर पुढच्या बारा ते चोवीस तासांत रिपरिप सुरू होईल असं मी बेधडक सांगतो. या आघाडीचा पाऊस कंटाळवाणा असतो, एकसुरी असतो आणि त्याचा अंदाज सोपा असतो.

शीत आघाडीची गोष्ट वेगळी. इथे जड, थंड हवा कोमट हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला झटक्यात वर फेकते. चढ पन्नासला एक ते शंभराला एक, म्हणजे बराच उभा. त्यामुळे वर्दी कमी, जोर जास्त. ऐन रेषेवरचा मुसळधार भाग कधीकधी जेमतेम पाच किलोमीटर रुंद असतो. आघाडी ताशी पन्नास किलोमीटरने सरकत असेल तर तो तुमच्या डोक्यावरून सहा मिनिटांत जातो. पण ती सहा मिनिटं अशी असतात की तंबूच्या खुंट्या कुणी नीट ठोकल्या आणि कुणी उरकल्या, ते लगेच कळतं.

आघाडी गेली हे ओळखायला ॲपची गरज नाही. घरात साधा वायुभारमापक असेल तर घसरत आलेला दाब एकदम थांबतो आणि वर चढू लागतो. आलेखावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पडते. वारा वळतो: उत्तर गोलार्धात नैर्ऋत्येकडून वायव्येकडे, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैर्ऋत्येकडे. हवा गार आणि कोरडी होते, दूरच्या टेकड्या अचानक जवळ आल्यासारख्या स्वच्छ दिसतात. आणि आभाळ फाटून निळं होतं. इतकं सुंदर आभाळ एरवी क्वचितच दिसतं, आणि माणसं नेमकी इथेच फसतात.

मीही फसलो आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. नोकरीचं चौथं वर्ष असेल. एका मोठ्या इमारतीच्या छपराचं काम चालू होतं, ठेकेदार रोज सकाळी आमच्याकडे विचारून काम सुरू करायचा. त्या दिवशी शीत आघाडी अकराच्या सुमारास गेली. दाबाच्या आलेखावर खाच स्पष्ट होती, वारा वळला होता, पाऊण तासात तापमान पाच अंशांनी उतरलं होतं. खिडकीबाहेर धुतल्यासारखं ऊन. त्याचा फोन आला, ‘उघडू का छप्पर?’ मी म्हणालो, ‘पट्टा गेला, उघडा.’ माझं वाक्य शब्दशः खरं होतं. एक वाजून चाळीस मिनिटांनी गारांसकट सर आली आणि वीस मिनिटं कोसळली. पर्जन्यमापकात नऊ मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, आणि छपराचा उघडा भाग होता चारशे चौरस मीटर. छत्तीसशे लिटर पाणी खालच्या मजल्यावर उतरलं. तेव्हापासून ‘गेला’ हा शब्द मी एकटा वापरत नाही. ‘पट्टा गेला, आता सरींची हवा सुरू झाली’ असंच म्हणतो.

ही ‘सरींची हवा’ नीट समजून घ्या, कारण तुमचा शनिवार बहुधा तिच्यातच जाणार आहे. आघाडीमागे जी हवा येते ती वरच्या थरांत फार थंड असते. ऊन पडलं की जमीन तापते, जमिनीलगतची हवा हलकी होते आणि वरच्या थंडाव्यात सुसाट चढते. दहा वाजता कापसाचे छोटे पुंजके, अकरा-बाराला फुलकोबीसारखे गड्डे, दीड-दोनला त्यातल्या काहींचे माथे पसरून ऐरणीसारखे सपाट. म्हणजे ऊन हेच सरींचं इंधन. सकाळ जितकी लख्ख, तितकी दुपार धोक्याची. एकेक ढग अर्ध्या ते एक तासात जन्मतो, बरसतो आणि विरतो. पातेल्यात पाणी उकळणार हे मी खात्रीने सांगू शकतो, किती जोरात उकळेल हेही सांगू शकतो. पण पुढचा बुडबुडा तळाच्या कुठल्या बिंदूवरून उठेल ते सांगता येत नाही. जगभराचा अंदाज काढणारं संगणकातलं मॉडेल नकाशा चौकटींत वाटून गणित करतं. त्याची एक चौकट साधारण दहा किलोमीटरची असते आणि सर तीन किलोमीटरची. चौकटीत ती मावते, पण चौकटीला ती कुठे आहे ते दिसत नाही.

म्हणून ॲपमधलं ‘दुपारी 2: पाऊस’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतं, आणि चिन्ह मात्र दोन्हीकडे ढग आणि तीन थेंबांचं. आघाडीचा पाऊस असेल तर ‘दोन’ला अर्थ आहे; चूक झालीच तर तास-दोन तासांची होईल. सरींचा असेल तर ‘दोन’ ही केवळ मॉडेलच्या आकड्यांना दिलेली वेळ आहे. तुमच्या दोन ॲपमध्ये चार तासांचा फरक आहे. आघाडी ताशी पन्नास किलोमीटरने येत असेल तर चार तास म्हणजे दोनशे किलोमीटर. हजारो किलोमीटरवरून येणारी गोष्ट दोन दिवस आधी दोनशे किलोमीटर इकडेतिकडे दिसणं ही चूक नव्हे, गुरुवारची ती नेहमीची मर्यादा आहे. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही ॲप पुन्हा पाहा. दोघांच्या वेळा जवळ आल्या तर समजा ती आघाडी आहे आणि ती आता पकडीत आली आहे. अजूनही एक दोन म्हणतंय आणि एक सहा, तर बहुधा दोघंही सरींबद्दल बोलतायत आणि दोघांचीही वेळ सोडून द्या.

60 टक्क्यांचा घोळ सगळीकडे आहे. याचा अर्थ 60 टक्के भागात पाऊस असा नाही, 60 टक्के वेळ पाऊस असाही नाही. सांगितलेल्या कालावधीत तुमच्या जागी मोजता येण्याजोगा पाऊस पडण्याची शक्यता दहात सहा आहे, एवढंच. पाव मिलिमीटर पडला तरी तो आकडा खरा ठरला. किती वेळ, किती जोरात, हे त्यात नाही. त्यामुळे टक्क्यांपाशी थांबू नका, मिलिमीटर पाहा, आणि त्याहूनही आधी वाऱ्याचे झोत पाहा.

तंबूसाठी वारा पावसापेक्षा महत्त्वाचा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोक पुन्हा पुन्हा फक्त पाऊस विचारतात. अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात: सरासरी वेग आणि झोतांचा वेग. तुम्हाला दुसरा हवा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 30 किलोमीटरचे झोत 60 झाले तर कापडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. सरींच्या हवेत सरासरी 25 आणि झोत 60 हे नेहमीचं दृश्य आहे. शिवाय प्रत्येक जोरदार सरीच्या पुढे, पाऊस पोचण्याच्या काही मिनिटं आधी, ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून पसरते. उकाड्यात अचानक गार झुळूक आली आणि लगेच धूळ उठली, तर ती मजेने अंगावर घेऊ नका. माणसांना तंबूच्या खांबांपासून लांब करा. तंबू देणाऱ्याकडे त्या तंबूची वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते. ती आजच विचारून घ्या. अंदाजातले झोत त्या आकड्याच्या जवळ जात असतील तर पाऊस शून्य असला तरी तंबू उभारू नये.

आता सोमवार ते बुधवार अंदाज का उलटला ते. तुम्हाला राग आलाय, आणि तो मी समजू शकतो, कारण पैसे आणि माणसं अडकली आहेत. पण सोमवारी शनिवार पाच दिवस दूर होता. आज पाच दिवसांचा अंदाज वीस वर्षांपूर्वीच्या तीन दिवसांच्या अंदाजाइतका चांगला असतो. ही प्रगती मोठी आहे, तरी मर्यादा राहतेच. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी संगणकात 0.506127 ऐवजी 0.506 भरलं आणि काही काळानंतर त्यांचं कृत्रिम हवामान पूर्णपणे वेगळ्या वाटेला गेलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध 1963 चा. याला उपाय म्हणून 1992 पासून मोठी केंद्रं एकाच वेळी अनेक अंदाज चालवतात, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी करून. युरोपीय देशांचं सामायिक हवामान-अंदाज केंद्र असे 51 अंदाज काढतं. सोमवारी त्यातल्या, समजा, 35 मध्ये तुमचा शनिवार कोरडा होता आणि 16 मध्ये ओला, तर ॲपने सूर्य दाखवला. बुधवारी प्रमाण उलटलं आणि ॲपने ढग दाखवला. आत हळूहळू सरकलेली गोष्ट बाहेर पलटी खाल्ल्यासारखी दिसली. एकच चिन्ह दाखवणाऱ्या ॲपपेक्षा शक्यतांचा पसारा दाखवणारं पान शोधा. बहुतेक देशांच्या हवामान विभागांचं असतं.

या पसाऱ्यात एक गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिचा उल्लेख करतो. शीत आघाडी लांबलचक असते, आणि तिची शेपटी वरच्या वाऱ्याला समांतर झाली की रेंगाळते. रेंगाळलेल्या शेपटीवर कधीकधी लाट उठते, म्हणजे तिथे नवं छोटं कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि पुढे गेलेली रेषा मागे वळते. पाऊस थांबला, दाब वाढला, आणि चार तासांनी दाब पुन्हा घसरायला लागला. हे मॉडेललाही उशिरा दिसतं. तेव्हा आघाडी गेल्यावरही दाबावर लक्ष ठेवा. तीन तासांत दीड हेक्टोपास्कलपर्यंत (हे हवेचा दाब मोजायचं एकक) घट म्हणजे संथ चाल. साडेतीनच्या पुढे घट म्हणजे वेगाने काहीतरी येतंय, आणि सहाच्या पुढे गेली तर कार्यक्रम चालू असला तरी आवरायला घ्यावा. बऱ्याच मोबाईलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. आकडा किती आहे याहून तो कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चाललाय हे पाहायचं.

विजेबद्दल वाटाघाट नाही. चमक आणि आवाज यातले सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं आत राहायचं. तंबू हा आडोसा नाही, त्याचे धातूचे खांब तर नाहीच नाही. दीडशे माणसं आत मावतील अशी पक्की जागा मैदानाजवळ आहे का, हे आधी पाहा. नसेल तर माझ्या मते हाच कार्यक्रम हलवण्याचं पुरेसं कारण आहे.

तुमचं मैदान समुद्रापासून दूर असेल तर एक चांगली वाट आहे. सरी उन्हावर जगतात, म्हणून जमिनीवर त्या दुपारी उशिरापर्यंत जोर धरतात आणि सूर्य उतरला की एकेक करून विरतात. दुपारी दोनचा कार्यक्रम संध्याकाळी सातला नेला तर आघाडीमागच्या हवेत कोरडं मिळण्याची शक्यता बरीच वाढते, फक्त गारठा असेल. किनाऱ्यालगत हा नियम चालत नाही. समुद्र रात्रीही कोमट राहतो आणि सरी रात्रभर येत राहतात. मध्ये डोंगर असेल तर वाऱ्याच्या बाजूला सरी जास्त आणि पलीकडे कमी.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज तंबूची वाऱ्याची मर्यादा आणि पक्क्या आडोशाची सोय. शुक्रवारी संध्याकाळी आघाडीची वेळ आणि झोत. आघाडी शनिवारी सकाळी निघून जात असेल, झोत मर्यादेखाली असतील आणि विजेचा इशारा नसेल, तर कार्यक्रम ठेवा, पण वेळ संध्याकाळवर न्या. ती दुपारी चार ते आठच्या दरम्यान येत असेल तर ढकला. त्या वेळात तंबूत दीडशे माणसं नकोत. शनिवारी दुपारपासून ॲपचा तासवार तक्ता बंद करून रडारचं चित्र उघडा. पुढच्या तासाभरासाठी त्याच्याइतकं विश्वासू काही नाही: सर कुठे आहे, कुठल्या दिशेला चालली आहे, मागच्या पंधरा मिनिटांत वाढली की विरली. एका माणसाला फक्त हेच काम द्या, आणि त्याला मैदानाच्या अशा कडेला उभं करा जिथून वारा येतो त्या बाजूचं आभाळ क्षितिजापर्यंत दिसतं. ढगाचा तळ काळा-निळा झाला आणि त्याच्याखालचं क्षितिज पांढऱ्या पडद्याआड गेलं, तर सर तुमच्याकडे येतेय आणि हाताशी दहा-पंधरा मिनिटं आहेत. सकाळी ऊन पडलं आणि वारा मात्र अजून आघाडीपूर्वीच्याच दिशेने वाहतोय, तर पट्टा अजून यायचाच आहे. अशा वेळी तंबूची दोरी सैल करायला कुणालाही परवानगी देऊ नका.